पडद्यावर उमटलेला नंबर

ते प्रकरण आठवलं की मला आधी त्या घरातल्या टीव्हीचा आवाज ऐकू येतो. गुन्हा तसा किरकोळ होता. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात त्याच्या दोन ओळीही आल्या नाहीत. पण निवृत्तीनंतर कुणी नोकरीतल्या तपासांबद्दल विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे हेच प्रकरण उभं राहतं. त्यातली बहुतेक माणसं अजून सोलापुरातच आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. हद्दवाढ भागातल्या बऱ्याच नव्या वस्त्या आमच्याकडे होत्या आणि केबलची चोरी ही तिथली जुनी डोकेदुखी होती. खांबावरच्या मुख्य वायरीतून चोरून दुसरी वायर ओढायची आणि घरात टीव्ही लावायचा, हे इतकं सर्रास चालायचं की लोकांना ती चोरी वाटतच नसे. कंपनीचा माणूस असं कनेक्शन तोडायला खांबावर चढला की खाली गल्ली जमायची. एकदा ऐन क्रिकेट सामन्याच्या दिवशी लोकांनी एका वायरमनची शिडीच काढून नेली. आम्ही गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा तो बिचारा खांबाला मिठी मारून वरून पाणी मागत होता.

मग घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र नंबर, आणि तो चालू ठेवायचा की बंद करायचा हे कंपनीच्या कंट्रोल रूममधला संगणक ठरवणार. कुणाला खांबावर चढायला नको, दारात जाऊन भांडायला नको. वर्षभरात आमच्या ठाण्यातल्या केबलच्या मारामाऱ्या जवळजवळ संपल्या. एखाद्या यंत्रानं पोलिसांचं काम कमी केलं असं क्वचितच घडतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे या पद्धतीबद्दल माझं मत आजही चांगलं आहे.

अशात एके दिवशी शहरातल्या एका केबल कंपनीचे मॅनेजर तक्रार अर्ज घेऊन आले. लाइन तपासायला कंपनीकडे काही टेस्टिंग बॉक्स होते. त्यांच्यावर सगळ्या भाषांचे सगळे चॅनेल चालायचे. त्यातला एक बॉक्स 'नादुरुस्त' म्हणून नोंदवून कपाटात जमा केल्याचं रजिस्टर सांगत होतं. पण कपाटात बॉक्स नव्हता, आणि संगणकावर तो नंबर चालू दिसत होता.

"एका बॉक्सचं एवढं काय?" मी विचारलं.

"साहेब, एकाच बॉक्सची भीती असते," मॅनेजर म्हणाले. "असा बॉक्स कुणीतरी माळ्यावर ठेवतो, त्यातलं चित्र पुन्हा वायरीत सोडतो आणि अख्ख्या वस्तीला वाटतो. बाहेरच्या चोराला आम्ही बटण दाबून थांबवतो. हा आमच्या आतला आहे."

"मग हाही बंद करून टाका."

"बंद केला तर बॉक्स विहिरीत जाईल, आणि आतला माणूस तसाच आत राहील. मला माणूस हवाय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि अर्जाची चौकशी स्वतःकडे ठेवली.

आतला माणूस सापडायला अर्धा तासही लागला नाही. बॉक्स ज्या लॉगिनवरून चालू झाला होता, ते कंट्रोल रूममधल्या एका मुलीचं होतं. वय चोवीस-पंचवीस. वडील एका शाळेत शिपाई, आणि ती रोज कुंभारीहून बसनं कामावर यायची. तिला ठाण्यात बोलावून घेतलं आणि महिला शिपायाला शेजारी बसवून, दार उघडं ठेवून मी तिची विचारपूस सुरू केली. डब्याची पिशवी मांडीवर धरून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"तुझा पासवर्ड दुसऱ्या कुणी वापरला का?"

"नाही सर. मीच चालू केला."

"नादुरुस्त अशी नोंद कुणी केली?"

"मीच केली."

"बॉक्स कुठे आहे?"

मी आवाज चढवून पाहिला, मग उतरवून पाहिला. तिनं फक्त पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं होतं. चोरी करणारा आधी 'मी नाही' म्हणतो आणि अगदी शेवटी मालाची जागा सांगतो. या मुलीनं पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल केला होता आणि जागा मात्र ती सांगत नव्हती. सगळं उलटं चाललं होतं. तिला स्वतःला वाचवायचं नव्हतं, एवढं मला कळलं.

तेवढ्यात ठाणे अंमलदारानं आत येऊन सांगितलं, की एक माणूस न बोलावता आलाय आणि 'मला आत घ्या' म्हणतोय. तो त्याच कंपनीचा लाइनमन होता. पन्नाशी ओलांडलेला, मूळचा मैंदर्गीचा, बोलण्याला कानडी हेल. आत येताच त्यानं पायातल्या चपला दाराशी काढल्या.

"साहेब, त्या पोरीला सोडा. तिनं काय बी केलं न्हाय. बॉक्स म्या नेलाय."

"चालू कुणी केला?"

"म्याच."

"कॉम्प्युटर येतो?"

त्यानं खाली पाहिलं. "येतो की थोडा."

मी त्याला ठाण्यातल्या संगणकापुढे बसवलं आणि स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. एक बोट पुढे काढून तो पहिलं अक्षर शोधत राहिला. बराच वेळ गेला. अक्षर काही सापडेना. मागून मुलीचा रडवेला आवाज आला, "काका, तुम्ही कशाला आलात?"

महिला शिपायानं तोंड फिरवलं. मलाही हसू दाबावं लागलं. पोलीस ठाण्यात एकमेकांवर ढकलणारे साथीदार रोज बघायला मिळतात. गुन्हा एकमेकांच्या हातातून ओढून घेणारे मी पहिल्यांदाच पाहत होतो. बॉक्स कुणाच्या घरात आहे, हे मात्र दोघांनीही सांगितलं नाही. दोघांचे जबाब लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी हजर राहायला सांगून त्यांना घरी पाठवलं. मॅनेजर नाराज झाले. अटक करा, म्हणाले. मी त्यांच्याकडे एक दिवस मागून घेतला.

लाइनमनकडे कुठल्या वस्त्या आहेत हे कंपनीच्या रजिस्टरवरून कळलं. आमच्या हवालदारांचा त्यातल्याच एका वस्तीत ओळखीचा इस्त्रीवाला होता. त्याच्याकडून पूर्वीही आम्हाला कामाच्या बातम्या मिळाल्या होत्या. हवालदार गणवेश इस्त्रीला द्यायच्या निमित्तानं गेले आणि केबलचा विषय काढला. इस्त्रीवाला सहज बोलून गेला, "आमच्या गल्लीत एक नवल हाय बगा. एका म्हाताऱ्याचं केबल बंद पडलं म्हणून म्हातारी लई हिंडत होती. आता दिवसभर तितं तेलुगू चालू असतंय. तेलुगूचं जादा पैसं दुसरं कुणी भरत न्हाय, आन् गल्लीत ते कळतंय बी कुणाला?"

त्या घरचं कनेक्शन बंद होतं, आणि पैसे न भरता तेलुगू फक्त टेस्टिंग बॉक्सवरच दिसलं असतं. खबर पक्की वाटली. पण 'आवाज येतो' एवढ्यावर कुणाच्या घरात शिरता येत नाही. मॅनेजरनी एक युक्ती सांगितली. कंट्रोल रूममधून हुकूम सोडला की बॉक्स जिथे असेल तिथल्या टीव्हीच्या पडद्यावर त्याचा नंबर उमटतो. साडेदहाला नंबर सोडा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आणि सकाळी हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन त्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं, वर पत्रे असलेलं भाड्याचं घर होतं. दार एका साठीपुढच्या बाईंनी उघडलं. हातात शाळेची वही होती, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. पोलीस पाहून त्या दचकल्या, पण "या" म्हणाल्या. आत खाटेवर त्यांचे यजमान उशीला टेकून होते. उजवा हात निर्जीव, तोंड जरासं वाकडं झालेलं, नजर टीव्हीकडे. टीव्हीवर तेलुगू मालिका चालली होती.

हवालदारांनी टीव्हीच्या मागे पाहिलं, मग बाहेर जाऊन पत्र्यावर आणि मागच्या भिंतीवर पाहिलं. एक वायर आत येत होती, बाहेर एकही जात नव्हती. वस्तीला वाटणारी टोळी म्हणजे ही दोन माणसं होती.

साडेदहाला मालिकेतल्या बाईच्या कपाळावर पांढरे आकडे उमटले. हवालदारांनी खिशातला कागद काढून एकेक आकडा ताडून पाहिला आणि मान हलवली.

"मावशी, हा बॉक्स तुमचा नाही," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली. "न्हाय. आमचा न्हाय." आणि लगेच म्हणाल्या, "पर त्या पोरीला आन् लाइनमनभाऊला काय करू नका. माझ्यापायी झालंय समदं."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी जबाबात लिहून घेतलं होतं. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं. तरुणपणी त्या इथल्या एका चादरीच्या कारखान्यात शिवणकामाला होत्या आणि हे तिथेच मागावर विणकर होते. हे तेलुगू घरातले. लग्न दोन्ही घरांना मान्य नव्हतं. यजमानांच्या घरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले, तसं त्यांनीही तेलुगू बोलणं सोडलं. चाळीस वर्षं नवरा-बायको मराठीत बोलले. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेली, तिलाही तेलुगूचा एक शब्द येत नव्हता.

वर्षापूर्वी यजमानांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पंधरवड्यानं तोंडातून शब्द फुटू लागले, ते सगळे तेलुगू. मराठी पार पुसली गेली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. लहानपणची भाषा तेवढी शिल्लक राहते. तीच त्यांच्या कानावर पडू द्या.

"कुणाची पाडायची, साहेब?" मावशी म्हणाल्या. "त्यांच्या भावांकडं गेले, त्यांनी दार उघडलं न्हाय. हितं गल्लीत सगळी मराठी माणसं. मला पाणी आन् भाकरीपुरतं यायचं. मग केबलवाल्याला जादा पैसं देऊन टीव्हीवर तेलुगू लावून दिलं. त्यांची नजर हलायला लागली. आन् मी वही घेऊन बसायला लागले."

मी वही मागितली. वेड्यावाकड्या अक्षरात पानंच्या पानं भरली होती. नीळ्ळू म्हणजे पाणी. नोप्पी म्हणजे दुखतंय. एका शब्दाभोवती त्यांनी चौकट काढली होती.

"हे काय?"

"चली." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "थंडीच्या दिवसात हे सारखे चली, चली म्हणायचे. मला वाटायचं चल म्हणत्यात, भाईर न्ये म्हणत्यात. मी आपली धरून उठवायची, दारात आणून बसवायची. ते आणखीच म्हणायचे आन् रडायचे. मग एक दिवस मालिकेत एका म्हाताऱ्याला त्याची सून तेच म्हणत म्हणत शाल घालीत होती. तवा कळलं. चली म्हंजी थंडी, साहेब. मी महिनाभर त्यांना थंडीत नेऊन बसवत होते."

महिला शिपाई वळून बाहेर गेली.

मग त्यांचं आधीचं कनेक्शन बंद का पडलं? कंपनीनं सगळ्या ग्राहकांचे सहीचे फॉर्म नव्यानं मागवले होते. मुदतीत फॉर्म आला नाही की संगणक तो बॉक्स आपोआप बंद करायचा. कनेक्शन यजमानांच्या नावावर, आणि त्यांचा सहीचा हात गेलेला. मावशी फॉर्म घेऊन तीनदा कार्यालयात गेल्या. सही जुळत नाही, म्हणाले. अंगठा चालेल का विचारलं, तर ग्राहकाला समक्ष आणा म्हणाले. खाटेवरून न उठणाऱ्या माणसाला आणायचं कसं? केबलऐवजी डिशची छत्री बसवायची तर घरमालक पत्र्याला हात लावू देईना. तिसऱ्या खेपेला त्या कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिल्या. ती कंट्रोल रूममधली मुलगी डबा खायला बाहेर आली, तिनं विचारलं, आणि यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लाइनमन बॉक्स घेऊन दारात हजर झाला.

आम्ही बोलत असताना यजमान आमच्याकडे पाहून काहीतरी म्हणाले. पुन्हा म्हणाले, जरा जोरात, डावा हात हलवून. मावशींनी घाईनं वही उघडली, पानावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बसा म्हणत्यात तुमाला. घरात आलेली माणसं उभी हाईत म्हणून म्हणत्यात."

मी बसलो. हवालदारही बसले. ते समाधानानं पुन्हा टीव्हीकडे वळले.

मी मॅनेजरना फोन करून फॉर्म घेऊन तिथेच बोलावलं. ते रागातच आले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त आत या म्हटलं. यजमानांनी त्यांच्याकडे पाहून तोच शब्द उच्चारला. आता मावशींना वही लागली नाही. मॅनेजर खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी वही पाहिली, चौकटीतला शब्द विचारला, मावशींनी सांगितला. माणूस वाईट नव्हता. वही परत देत म्हणाले, "साहेब, फॉर्म आमच्याकडं येतो. माणूस आम्हाला दिसत नाही." मग त्यांनी स्वतः यजमानांचा डावा अंगठा शाईवर धरला आणि फॉर्मवर उमटवला. साक्षीदार म्हणून हवालदारांनी आणि इस्त्रीवाल्यानं सह्या केल्या. कंट्रोल रूमला फोन गेला, कपाटावर ठेवलेला त्यांचा जुना बॉक्स जोडला आणि पाच मिनिटांत तीच मालिका त्याच्यावर चालू झाली. टेस्टिंग बॉक्स पंचनामा करून ताब्यात घेतला.

कंपनीनं अर्ज मागे घेत असल्याचा जबाब दिला. लाइनमनला लेखी समज मिळाली. मुलीला कंट्रोल रूममधून काढून बाहेरच्या काउंटरवर बसवलं. त्या दोघांना मी ठाण्यात बोलावून चांगलं खडसावलं. दया आली म्हणून खोटी नोंद करायची नसते. ते बटण तुझ्या हातात विश्वासानं दिलेलं असतं, असं मुलीला सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मी तीन वेळा मेलपण केला होता. वरून उत्तर आलं नाही." काउंटरवर बसू लागल्यावर मात्र तिनं एक काम लावून घेतलं. जे ग्राहक येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी ती लाइनमनला घेऊन स्वतः फॉर्म भरायला जायची. मॅनेजरनी तिला अडवलं नाही.

इथे प्रकरण संपलं असं मला वाटलं होतं. आठवड्यानं मावशी जबाबाच्या प्रतीवर सही करायला ठाण्यात आल्या. मी त्यांना चहा दिला आणि वडीलधाऱ्या थाटात म्हणालो, "मावशी, एवढं झालं तर आधीच आमच्याकडे का नाही आलात? आम्ही कशासाठी आहोत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आले होते की."

"कधी? कोण होतं ड्युटीवर?"

त्या पदराचं टोक चाचपू लागल्या. मला वाटलं, एखाद्या शिपायाचं नाव घ्यायला घाबरत असतील. मी जरा दरडावून विचारलं.

"तुमीच होता, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "भाईरच्या बाकावर बसले होते मी. तुमी निगाला होता, तवा उठून कागद दावला. तुमी म्हणला, हे पोलिसांचं काम न्हाय मावशी, ग्राहक मंचात जावा." आणि माझा चेहरा पाहून त्याच मला समजावू लागल्या, "तुमाला लई घाई होती. अपघात झाला होता म्हणं कुटंतरी. तुमचं काय चुकलं न्हाय."

मला काहीच आठवेना. ना तो दिवस, ना तो कागद, ना त्या. सराईत चोरांचे चेहरे मी गर्दीत ओळखायचो. आणि ज्या बाईच्या घरी जाऊन मी पडद्यावरचा नंबर पकडला होता, तिला माझ्याच ठाण्याच्या दारात मी स्वतः परत पाठवलं होतं. कायद्यानं माझं उत्तर बरोबरच होतं. पण त्या मुलीनं डबा बाजूला ठेवून जे विचारलं, ते मीही विचारू शकलो असतो. एक मिनिट लागलं असतं, कंपनीला एक फोन केला असता, तर ना बॉक्स गेला असता, ना मुलीची जागा.

पुढे नोकरीत माझ्यासमोर साध्यासुध्या माणसानं केलेला गुन्हा आला की मी जबाबात एक प्रश्न हमखास घालायचो: याआधी तुम्ही मदतीसाठी कुणाकडे गेला होता? उत्तरात तलाठी यायचे, बँक यायची, दवाखाना यायचा. अनेकदा आमचंच ठाणं यायचं. ते उत्तर मी जसंच्या तसं लिहून घ्यायचो, वरिष्ठांनी भुवया उंचावल्या तरी.

आणि रोज सकाळी खोलीत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. शेजारी जो असेल त्याला 'काय काम आहे' असं नाही, तर 'कधीपासून बसलात' असं विचारायचो. 'त्या दिवशी कधीपासून बसला होता' असं मावशींना विचारायचं मात्र मला शेवटपर्यंत धाडस झालं नाही.